अंगठ्याचं बूड दुखतंय म्हणून गिटार विकायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५४, बँकेत नोकरी, वारज्यात घर, ४७व्या वर्षी गिटार हातात घेतली. गेले आठ महिने डाव्या अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागतो, पहिल्या दोन बोटांच्या नखाजवळच्या पेरांवर बारीक गाठी आल्यात, एफ नावाचा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचा सुरांचा गट, पकडला की डोळ्यात पाणी येतं, आणि डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं की संधिवाताची सुरुवात आहे, गिटार बंद करा. आणि आता तुम्ही विचारताय की विकून टाकू का.

नका विकू. निदान मी खाली जे लिहितोय ते दोन महिने करून बघितल्याशिवाय तरी नका विकू.

मी कोथरूडला २९ वर्षं गिटार शिकवतोय, आता वय ५९ आणि तुमचं जे दुखतंय तोच डाव्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा माझाही गेली ११ वर्षं झिजलेला आहे. मलाही एका ठिकाणी एक्स-रे वर धरून दोन मिनिटांत सांगितलं होतं की आता वाजवणं विसरा. मी घाबरून खरंच चार महिने केस उघडली नाही. त्या चार महिन्यांत अंगठा काही बरा झाला नाही, उलट बोटं आखडली, सकाळी पेस्टचं झाकण उघडताना सुद्धा कळ यायला लागली, आणि मन किती खचलं ते वेगळंच. मग एका विद्यार्थ्याच्या आईने एका हँड थेरपिस्ट बाईंकडे पाठवलं, म्हणजे फिजिओथेरपीतल्याच पण फक्त हाताचं काम करणाऱ्या. त्या म्हणाल्या येताना गिटार घेऊन या. मी वाजवत होतो आणि त्या दहा मिनिटं नुसत्या माझ्या डाव्या हाताकडे बघत बसल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, सर तुम्ही वाजवताय कमी आणि आवळताय जास्त.

हे एक वाक्य मी गेली ११ वर्षं प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतोय आणि तुम्हालाही तेच सांगायचंय. सांध्यातली झिजलेली गादी परत आणता येत नाही, पण जोर कमी करता येतो आणि तो तुम्हाला वाटतो त्याच्या कितीतरी पट कमी करता येतो. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत आपण जेवढा जोर लावतो त्याच्या साधारण १२ पट भार अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर येतो. म्हणजे १ किलोने आवळलं तर तिकडे १२ किलो. हे कळल्यावर मला पहिल्यांदा समजलं की माझा सांधा गिटारने नाही, माझ्या पकडीने रडवलाय. आणि याचा उलटा अर्थ पण लक्षात घ्या, पकडीतून अर्धा किलो कमी केलात तर सांध्यावरचे ६ किलो गेले.

पण त्याच्या आधी एक गोष्ट, आणि ही घाई करून टाळू नका. आपल्याकडे हात दुखला की सगळ्याला संधिवात म्हणतात, आणि त्यात चार-पाच वेगवेगळी दुखणी येतात ज्यांची वाट वेगळी आहे. तुमच्या वर्णनावरून, म्हणजे नखाजवळच्या पेरांवर गाठी, अंगठ्याचं बूड, आखडणं सकाळी दहा-पंधरा मिनिटांत सुटतं, हे झिजेचं दुखणं वाटतं ज्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे नाव त्यांच्याकडून पक्कं करून घ्या. पण जर कुणाला सकाळी बोटं तासभर तरी मोकळी होत नसतील, मुठीच्या उंचवट्याचे सांधे आणि मधली पेरं सुजून गरम लागत असतील, दोन्ही हातांना सारखंच होत असेल, थकवा असेल, तर ते आमवाताचं म्हणजे ऱ्हुमॅटॉइडचं असू शकतं. तिथे हाडांच्या डॉक्टरांपेक्षा ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट गाठायचा आणि तोही लवकर, कारण त्या दुखण्यात शरीर स्वतःच्याच सांध्यावर हल्ला करतं आणि पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचवता येतात. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या सांगतात त्या करून घ्या. मेथोट्रेक्झेट दिली तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असते हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू दे, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.

मग मुंग्या. अंगठा, पहिलं आणि मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू इथे मुंग्या येतात, रात्री हात झटकत उठावं लागतं, तर ती मनगटात दबलेली नस आहे, कार्पल टनेल. करंगळीच्या बाजूला मुंग्या असतील तर कोपराकडे बघा. शाकाहारी माणसांमध्ये बी-१२ कमी असणं खूप कॉमन आहे आणि त्यानेही हातापायाला मुंग्या येतात, थायरॉइडचाही संबंध असतो, तेव्हा या दोन तपासण्या स्वस्तात होतात त्या करून टाका. बोट मिटल्यावर अडकतं आणि टक् करून सुटतं तर ट्रिगर फिंगर. अंगठ्याच्या बाजूने मनगटावर दुखतं, अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवलं की कळ जाते, तर ते डी क्वेर्व्हेन, म्हणजे स्नायूच्या दोरीचं दुखणं, सांध्याचं नाही.

डायबेटिस असेल तर घरी करायची एक सोपी गोष्ट. नमस्काराला जोडतो तसे हात जोडा आणि बघा तळवे आणि बोटं पूर्ण चिकटतात का. मध्ये फट राहत असेल, बोटं सरळच होत नसतील, तर साखरेमुळे त्वचा आणि सांधे ताठ झालेले असू शकतात. ते डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

आणि पुण्यात राहून एक नाव विसरता येत नाही, चिकुनगुनिया. २०२४ च्या पावसाळ्यात आपल्याकडे किती घरांत हा ताप होता ते तुम्हाला आठवत असेल. माझ्या क्लासचा कर्वेनगरचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा, वय २०, ताप पाच दिवसांत गेला आणि बोटं सहा महिने दुखली. त्याला वाटायला लागलं की याला विसाव्या वर्षी संधिवात झाला. चिकुनगुनियाचे सांधे महिनोन्महिने दुखू शकतात आणि बहुतेकांचे हळूहळू निवळतात. त्यामुळे मागच्या वर्ष-दोन वर्षांत तसा ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगायला विसरू नका, त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

आता गिटारवर येतो. माझा अनुभव असा की दुखतंय म्हणून येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांच्या गिटारचीच अवस्था वाईट असते आणि त्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं. आज रात्री जेवण झाल्यावर एवढं करा. पहिल्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, कॅपो म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा लावा आणि त्याच्या पुढे एफचा आकार पकडा. नेहमीपेक्षा एकदम सोपं गेलं ना? गेलं तर तुमच्या बोटांचा दोष नाही, नट उंच आहे. नट म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांमधून जातात ती पांढरी पट्टी. खाच उथळ असेल तर तार पहिल्या फ्रेटच्या खूप वर राहते आणि एफ, सी, डी मायनर सगळे पहिल्या फ्रेटचे कॉर्ड लोखंड वाकवल्यासारखे लागतात. अजून एक बघा, तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते डोळा लावून बघा, कागद सरकेल न सरकेल एवढीच हवी. तिथे जर सरळ उजेड दिसत असेल तर खाच घासून घ्यायला लागेल. हे स्वतः कानशीने करू नका, एक घास जास्त बसला की तार खरखरते आणि मग पट्टीच बदलावी लागते. सेटअप करणाऱ्या, म्हणजे तारांची उंची नीट बसवून देणाऱ्या माणसाकडे द्या आणि त्याला नुसतं सेटअप कर असं सांगू नका, नटच्या खाचा बघ असं स्पष्ट सांगा, कारण बरेच जण सॅडल, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा टेकतात ती पट्टी, थोडं घासतात, तारा पुसतात आणि पैसे घेतात. माझ्या एका विद्यार्थिनीची गिटार अशी दोनदा सेटअप होऊन आली होती आणि नटला कुणी हातच लावला नव्हता. तिच्या एफचे दीड वर्षाचे हाल अर्ध्या तासाच्या कामात संपले, पहिला एफ वाजला तेव्हा ती रडली होती.

बाराव्या फ्रेटवर तारेखालची फट पट्टीने मोजा, जाड सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आत आणि बारीक पहिल्या तारेखाली दोनच्या आत असेल तर ठीक. आणि हे जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा, कारण पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, वरची फळी फुगते आणि तारा वर उचलल्या जातात, विशेषतः सॉलिड टॉपच्या, म्हणजे वरची फळी प्लायची नसून अखंड लाकडाची असलेल्या गिटारला. मग लोक म्हणतात पावसाळ्यात सांधे जास्त दुखतात. सांधे दुखत असतीलही पण अर्धा मिलिमीटर तार पण वर गेलेली असते. केसमध्ये ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा, भिंतीला टांगू नका.

तारा. दुकानातून येते तेव्हा अकूस्टिकला बहुतेक वेळा १२ चा सेट असतो, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंचाची. त्या सहा तारांचा एकत्र ताण ७० किलोच्या वर जातो. १० चा सेट लावला तर तो साधारण ६० किलोवर येतो. आवाज थोडा बारीक होतो, हे खरं आहे, मला पहिले पंधरा दिवस आवडला नव्हता, आता १२ वर परत जायची इच्छाच होत नाही. त्याच्यावर अजून एक करा, सगळ्या तारा अर्धा सूर खाली लावा, त्यात ताण आणखी ११ टक्के उतरतो. पूर्ण सूर खाली लावला तर २० टक्के. कुणाबरोबर वाजवायचं असेल तेव्हा कॅपो लावून मूळ पट्टीत या, आणि कॅपोमुळे फ्रेट पण जवळ येतात, बोटं कमी ताणावी लागतात. फार उतरवून बसलात तर तारा सैल होऊन खरखरतील, तेवढं बघा.

नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार घेऊ का असं खूप जण विचारतात. ताण तिचा खरंच कमी, ४० किलोच्या आसपास, आणि बोटांची टोकं दुखणाऱ्याला ती बरी. पण तिची मान रुंद असते, नटपाशी ५२ मिलिमीटर, आपली नेहमीची ४३ च्या आसपास. ज्याच्या अंगठ्याचं बूड गेलंय त्याला ती रुंदी त्रास देते. तुमचं दुखणं अंगठ्याचं आहे म्हणून मी तुम्हाला सरळ सांगेन की नायलॉनच्या नादी लागू नका, लागलंच तर अरुंद मानेची बघा. इलेक्ट्रिक वाजवायला आवडत असेल तर ९ च्या तारांची इलेक्ट्रिक ही या सगळ्यात सगळ्यात दयाळू गिटार आहे, कमी आवाजात घरी वाजवता येते आणि बोट ठेवलं की सूर येतो.

आता हात. हे मी सावकाश लिहितो कारण सगळा फायदा इथे आहे.

एक सूर धरा, पाचव्या फ्रेटवर तिसरी तार. बोट तारेवर नुसतं टेकवा, दाबू नका, आणि उजव्या हाताने वाजवत राहा. ठप ठप असा मेलेला आवाज येईल. आता बोट हळूहळू, अगदी हळूहळू दाबत जा. आधी खरखर येईल, मग एका क्षणी खरखर जाऊन सूर स्वच्छ होईल. तिथे थांबा. तेवढाच जोर लागतो. आता तुम्ही नेहमी दाबता तसं दाबून बघा आणि फरक बघा. मी आमच्या स्वयंपाकघरातला वजनाचा डिजिटल काटा क्लासमध्ये ठेवलाय, विद्यार्थ्यांना सांगतो त्याच्यावर बोटाने दाब, कॉर्ड पकडतोस तेवढं. सहकारनगरच्या एक मावशी येतात, ६३ वय, शाळेतून निवृत्त, त्यांनी पहिल्या दिवशी दाबलं तर आकडा दीड किलोच्या पुढे गेला आणि त्या म्हणाल्या अगं बाई हे मी एका बोटाने करते? महिन्याभराने त्यांचं बोट अर्ध्या किलोच्या आत आलं होतं आणि सूर आधीपेक्षा स्वच्छ, कारण जास्त दाबलं की तार ताणली जाऊन सूर चढतो, बेसूर होतो. रोज पाच मिनिटं फक्त हे करा, प्रत्येक बोटाने, प्रत्येक तारेवर. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी चिकटून मागे ठेवायचं, दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवलं की जास्त जोर लागतो.

अंगठा. कॉर्ड पकडा आणि मग अंगठा मानेवरून उचला. वाजतोय का? नाही वाजणार सुरुवातीला. आता उजव्या हाताच्या कोपराने गिटारचं पोट स्वतःकडे हलकं दाबा आणि डाव्या हाताचं सगळं वजन, खांद्यापासूनचं, बोटांवरून खाली लोंबू द्या, जसं आपण बसमध्ये वरच्या दांड्याला लोंबतो. चिमूट नाही, लोंबणं. अंगठा मग मानेमागे नुसता टेकलेला राहतो, वाट दाखवायला. मला हे जमायला सहा आठवडे लागले आणि माझं निम्मं दुखणं तिथे गेलं. बसताना गिटारची मान वर तिरकी ठेवा, खुंट्या कानाच्या उंचीला आल्या पाहिजेत, डाव्या पायाखाली छोटं स्टूल घ्या किंवा बसूनही पट्टा लावा, म्हणजे मनगट सरळ राहतं. सोफ्यावर पसरून, गिटार आडवी पोटावर घेऊन वाजवणं बंद. तसं बसलं की मनगट खूप वाकतं आणि वाकलेल्या मनगटाने पकड धरायला जास्त मेहनत पडते, करून बघा.

एफ आणि त्याचं सगळं बार कॉर्डचं खानदान, म्हणजे ज्यात एक बोट तारांवर आडवं ठेवावं लागतं ते कॉर्ड. लोक मला येऊन अपराधी चेहऱ्याने सांगतात की सर मला बार जमत नाही. अहो पण सहाही तारा दाबायच्या असं कुठे आहे? एफमध्ये आडव्या बोटाला फक्त सहावी, दुसरी आणि पहिली या तीनच तारा दाबायच्या असतात, मधल्या तीन बाकीची बोटं धरतात. आणि ते बोट सपाट नाही, अंगठ्याकडच्या हाडाच्या कडेवर थोडं वळवून ठेवायचं. पण तुमच्यासारख्या सांध्याला मी तेही सांगणार नाही. तुम्ही खालच्या तीन तारांवर एफ वाजवा, तिसरी तार दुसऱ्या फ्रेटला, दुसरी आणि पहिली पहिल्या फ्रेटला. संपूर्ण एफ आहे तो, गाणाऱ्याला काही फरक कळत नाही. बी मायनर तसाच, तिसरी तार चौथ्या फ्रेटला, दुसरी तिसऱ्या, पहिली दुसऱ्या, तीन बोटं तिरकी, बार नाही. किंवा कॅपो दुसऱ्या फ्रेटला लावून ए मायनर पकडा, झाला बी मायनर. एफ पट्टीतलं गाणं कॅपो पहिल्याला लावून ई च्या आकारात वाजवा. कॅपो वापरणं कमीपणाचं वाटतं काही जणांना, पण त्यात कमीपणाचं काही नाही.

ओपन ट्यूनिंग शिका. डी-जी-डी-जी-बी-डी असं लावलं की मोकळ्या तारांवरच जी कॉर्ड वाजतो, एका बोटाने बाकीचे. ज्या दिवशी हात जास्तच दुखतोय त्या दिवशी मी हेच वाजवतो, किंवा करंगळीत काचेची नळी घालून स्लाइड वाजवतो, तिथे तर तार दाबायचीच नसते, नळी नुसती टेकवायची.

जॅझ गिटारिस्ट जँगो राइनहार्टची १९२८ साली आगीत डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळजवळ कामातून गेली, आणि तो सोलो दोन बोटांवर वाजवत राहिला, त्याचं रेकॉर्डिंग ऐका म्हणजे दोन बोटं म्हणजे काय ते कळेल. ब्लॅक सबाथ बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली, आणि तो डावखुरा वाजवणारा, म्हणजे नेमका तारा दाबायचा हात. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं बनवली, बारीक तारा लावल्या आणि पुढे सूरही खाली उतरवले. बघा, त्यानेही तेच केलं, जोर कमी लागेल अशी गिटार करून घेतली, आणि तोच जडपणा पुढे हेवी मेटलचा आवाज झाला.

उजवा हात. पिक म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, ती चिमटीत घट्ट धरण्याने उजव्या अंगठ्याचंही बूड जातं. जाड, खरखरीत पृष्ठभागाचं पिक घ्या, ते सैल धरलं तरी सरकत नाही. नाहीतर अंगठ्यात घालायचं थंब पिक, त्याला चिमूटच नको.

आता जे कुणी गिटारवाला सांगत नाही ते. तुम्ही वारज्याहून बँकेत कशाने जाता? गिअरची गाडी असेल तर कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये तुमचा डावा हात पाऊण तासात किती वेळा क्लच आवळतो ते एक दिवस मोजा. तोच हात, तोच अंगठा, आणि घरी येऊन तुम्ही म्हणता गिटारने दुखतं. मी स्कूटर घेतली, गिअरची गाडी विकली, माझ्यासाठी तो निर्णय कुठल्याही गोळीपेक्षा मोठा ठरला. गाडी बदलणं शक्य नसेल तर क्लचची केबल सैल आणि तेल घातलेली ठेवा, सिग्नलला न्यूट्रल करा. मोबाइलवर अंगठ्याने टाइप करू नका, बोलून लिहा. कपडे पिळणं, नारळ खवणं, घट्ट झाकणं, कणीक मळणं, हे सगळं त्याच सांध्याच्या खात्यातून जातं. मावशींना मी आधी हेच विचारलं होतं की कणीक कोण मळतं. आता ते त्यांचे मिस्टर मळतात आणि मावशी संध्याकाळी वाजवतात.

सरावाचं सांगतो. सलग तासभर कधीच नाही. १० मिनिटं, मग गिटार खाली ठेवून उठायचं, पुन्हा १० मिनिटं, असं दिवसातून तीन-चार वेळा. सुरू करण्याआधी हात कोमट पाण्याच्या तसराळ्यात दहा मिनिटं बुडवून मूठ उघडझाप करा, डिसेंबर-जानेवारीच्या पुण्याच्या सकाळी तर याशिवाय तारेला हात लावू नका. डायबेटिसवाल्यांनी पाणी कोपराने तपासायचं, बोटांना चटका कळत नाही कधी कधी. फिजिओथेरपीत मेणाच्या पातेल्यात हात बुडवायला लावतात तो वॅक्स बाथ छान असतो, थंडीत मी घेतो. वाजवताना थोडं दुखलं तर घाबरायचं नाही, पण वाजवून झाल्यावर दोन तासांनीही आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर दुसऱ्या दिवशी वेळ निम्मी करायची. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी गिटार नाही, नुसतं ऐका, कॉर्ड मनात पकडा.

तो पिवळा स्माइली बॉल दाबत बसत असाल तर बंद करा. अंगठ्याच्या बुडाच्या झिजेत मूठ आवळायचा व्यायाम सांध्यावर अजून भार टाकतो. त्याऐवजी पहिल्या बोटाला रबरबँड अडकवून ते बोट बाहेर, अंगठ्याकडे ओढायचं, हळू, दहा वेळा. अंगठा आणि पहिल्या बोटामधला तो मांसल स्नायू मजबूत झाला की सांधा जागेवर राहतो. हे एकदा थेरपिस्टकडून समोर बसून शिकून घ्या. त्यांच्याकडून अंगठ्याचा स्प्लिंट पण करून घ्या, गरम पाण्यात मऊ करून आपल्या हातावरच साचा घेतात. मी तो गाडी चालवताना आणि झोपताना घालतो, वाजवताना नाही.

औषधाचं ठरवायचं डॉक्टरांनी, मी फक्त एवढं सांगतो की बोटांच्या झिजेत लावायचं डायक्लोफिनॅक जेल बऱ्याच वेळा पुरतं आणि पोटातल्या गोळ्यांपेक्षा ते किडनीला आणि पोटाला बरं, मेडिकलमधून आपल्या मनाने पेनकिलर घेऊन प्रोग्रॅमला वाजवायला बसू नका, दुखणं झाकलं की हात जास्त आवळतो. घरच्यांनी तेल लावून दिलं तर जरूर लावून घ्या, ऊब आणि चोळणं दोन्ही बरं वाटतं. पण नाव-लेबल नसलेल्या पुड्या, कुणाकडून तरी मागवलेल्या, दोन दिवसांत जादू करणाऱ्या, त्या घेऊ नका, त्यात स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

तर तुम्ही आधी कॅपोची ती चाचणी करा आणि बाराव्या फ्रेटचं माप मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. नट आणि १० च्या तारा एकाच फेरीत करून घ्या. डॉक्टरांकडे पुन्हा जाल तेव्हा गिटार बंद करा की नको असं विचारू नका, मला हँड थेरपिस्टकडे पाठवा असं सांगा आणि जाताना गिटार बरोबर न्या. आणि तुमची गिटार मोठ्या पोटाची ड्रेडनॉट आहे का ते बघा, असेल आणि खांदा वर उचलून वाजवावं लागत असेल तर लहान पोटाची, छोट्या स्केलची म्हणजे तारांची लांबी कमी असलेली एखादी कुणाची तरी आठवडाभर मागून वाजवून बघा, लगेच विकत घेऊ नका. मोठी मात्र घरातच राहू दे, नट नीट झाल्यावर तीच वाजवाल असं मला वाटतंय.